बेटांवरची विमानं कमी झाली की कुणाच्या पोटावर पाय येतो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नांदेडचा. दिवाळीनंतर दरवर्षी अंदमानला दोन-तीन ग्रुप घेऊन जातो, नांदेड, परभणी, हिंगोली, लातूर इकडचीच माणसं, बरेचसे रिटायर्ड मास्तर, बँकेतले, काही शेतकरी जोडपी जी आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसतात आणि सेल्युलर जेलच्या कोठडीत गेल्यावर एकदम गप्प होतात. आधी लोक तिकीट किती, जेवण आपल्यासारखं मिळतं का, एवढंच विचारायचे. आता बेटांवरच्या विमानांबद्दलच विचारतात, कारण एखादी फ्लाइट गेली की भाडं कसं चढतं हे त्यांनी स्वतः भोगलंय. प्रत्येकाला वेगळं टाइप करण्यापेक्षा इथं एका जागी लिहून ठेवतो. पोर्ट ब्लेअरचं नाव २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालंय, मी सवयीनं जुनंच लिहितोय, समजून घ्या.

विमान कमी झालं तर एवढं काय बिघडतं? बोट आहे की!

चेन्नईहून पोर्ट ब्लेअर विमानानं सव्वादोन तास, जहाजानं अडीच-तीन दिवस, आणि जहाज काय रोज सुटत नाही. बोट पाहिजेच, माल तीच नेते, गरिबाला तीच परवडते. पण ज्याला आज जाऊन उद्या परत यायचंय त्याच्यासाठी ती नसल्यातच जमा, आणि पावसाळ्यात समुद्र खवळला की आहे ती पण बंद.

आपल्याकडं मुक्कामी गाडी म्हणलं की सगळ्यांना कळतं. रात्री गावात येऊन थांबणारी आणि पहाटे निघणारी एसटी. ती बंद केली आणि दुपारची ठेवली तर उपयोग शून्य, कारण कॉलेजची पोरं, कोर्टात तारीख असलेला माणूस, दवाखान्यात नंबर लावायचा असलेली म्हातारी, सगळ्यांना तालुक्याला सकाळीच पोचायचं असतं. २०२१ च्या दिवाळीच्या आसपास एसटीचा संप लागला आणि तो पार एप्रिलपर्यंत लांबला, तेव्हा किती पोरींचं कॉलेज सुटलं हे मी माझ्या नात्यात बघितलंय. तरी आपल्याला काळी-पिवळी होती, टमटम होती, कुणाच्यातरी मोटारसायकलवर मागं बसून जाता येत होतं. बेटावरून निघायला यातलं काहीच नाही.

सगळ्यात आधी फटका कुणाला बसतो, टुरिस्टला का?

नाही. टुरिस्ट गोव्याला जाईल, केरळला जाईल, त्याचं काही अडत नाही. आधी पेशंट अडकतो.

स्वराज द्वीपच्या, म्हणजे जुन्या हॅवलॉकच्या जेट्टीवर एकदा सकाळी आमचा ग्रुप फेरीची वाट बघत होता. शेजारी एक बंगाली बाई बसल्या होत्या, तिकडं बरीच बंगाली वस्ती आहे. मांडीवर साडीच्या दुकानाची प्लास्टिकची पिशवी, त्यात एक्स-रे आणि कागद, आणि पिशवीचं तोंड सुतळीनं दोनदा बांधलेलं, पाणी लागू नये म्हणून. नवरा बाजूला बाकावर आडवा. आमच्या एका ताईंनी हिंदीत विचारलं तर म्हणाल्या की हेलिकॉप्टरसाठी नाव दिलंय पण सीट कन्फर्म झाली नाही, म्हणून बोटीनंच पोर्ट ब्लेअरच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं. दोन-अडीच तास लाटांवर हलत. पोटाचा त्रास असलेल्या माणसाला ते दोन तास कसे जातात ते मी बोटीत समोर बसून बघितलं, त्यानं सगळा वेळ खिडकीची दांडी धरून ठेवली होती.

याला तुम्ही अर्थकारण म्हणाल का? मी म्हणतो. त्या माणसाची मजुरी बुडाली, बाईची बुडाली, पोर्ट ब्लेअरला लॉज, खाणं, परत तीच बोट. आणि पुढच्या महिन्यात दाखवायला बोलावलं तर ते जातीलच असं नाही, बहुतेक जाणार नाहीत, मग दुखणं वाढल्यावर चेन्नई, आणि चेन्नईचा खर्च म्हणजे घरातलं काहीतरी विकणं.

फेऱ्या कमी करून कंपनी तोटा वाचवते ना? मग तो मार्ग पुढं पूर्ण बंदच का पडतो?

हे नीट समजून घ्या, सगळी गोम इथं आहे.

धरा, एका बेटावरून रोज दोन फेऱ्या आहेत, सकाळी सातला एक आणि संध्याकाळी सहाला एक. सकाळी जायचं, काम उरकायचं, रात्री जेवायला घरी. कंपनी म्हणते दोन्हीत अर्ध्याच सीटा भरतात, मग एकच ठेवू, दुपारी बाराची, गच्च जाईल. कागदावर हिशोब बरोबर दिसतो. पण आता ज्याचं दोन तासांचं काम आहे त्याला मुक्काम पडला, लॉज आलं, दोन वेळचं जेवण आलं, एका दिवसाची रोजी गेली. तिकिटाचा भाव तोच, प्रवास मात्र दुपटीनं महाग. मग माणूस फोनवर भागवतो, नाहीतर चार कामं साठवून महिन्यातून एकदाच जातो, आणि सीटा परत रिकाम्या. कंपनी म्हणते बघा मागणीच नाही, आठवड्यातून तीनच दिवस करू. मग तर कुणी भरवसाच धरत नाही. मागणी नव्हती असं रेकॉर्डला लागतं, पण ती मागणी टाइमटेबलनंच मारलेली असते.

कंपनीची पण एक खरी अडचण आहे, ती सांगितली पाहिजे. विमानात तीस माणसं बसली काय आणि सत्तर बसली काय, पायलट तेवढेच, विमानाचं भाडं तेवढंच, इंधन थोडंफार तेवढंच. त्यात बेटांमधलं अंतर कमी असतं आणि इंधन जास्त जळतं ते वर चढताना, म्हणून वीस मिनिटांची उडी दर किलोमीटरला लांबच्या फ्लाइटपेक्षा कितीतरी महाग पडते, आणि एका दिवसात आठ-दहा वेळा चढ-उतर केल्यावर चाकं, ब्रेक, इंजिन सगळंच लवकर झिजतं. तेच विमान मोठ्या शहरांमध्ये फिरवलं तर जास्त कमावतं. म्हणून विमानांचा तुटवडा झाला की पहिली काट बेटावरच येते.

हॉटेल, टॅक्सी, गाइड यांचं काय होतं?

एका वर्षी आमचा १९ जणांचा ग्रुप पोर्ट ब्लेअरला अडकला. परतीची फ्लाइट कंपनीनं रद्द केली, मेसेज आला तो दोन दिवस आधी, आणि पुढच्या सीटा मिळाल्या त्या तीन दिवसांनी, त्या पण दोन तुकड्यांत. हैदराबादहून नांदेडची रेल्वेची तिकिटं वाया. एक मावशी शुगरच्या गोळ्या मोजून घेऊन आल्या होत्या, त्यांच्या गोळ्या शोधत आम्ही दोन मेडिकल फिरलो. वाटलं होतं हॉटेलवाला खुश असेल, त्याच्या खोल्या अजून तीन दिवस भरलेल्या. तर तो डोक्याला हात लावून बसलेला, कारण त्याच विमानानं येणारा पुढचा तीस जणांचा ग्रुप आलाच नाही, त्यांच्यासाठी सकाळीच घेतलेले मासे आणि भाज्या फ्रीजमध्ये, गाड्या बुक, बोटीची तिकिटं काढलेली. आमच्या जेवणाचे पैसे त्यानं दोन दिवस घेतले नाहीत, म्हणाला सामान खराबच होणार आहे, तुम्ही खा.

मोठं रिसॉर्ट असा महिना काढतं. घरातल्या दोन खोल्या भाड्यानं देणारा, स्कूटर भाड्यानं देणारा, नारळ विकणारा, यांचं वर्षाचं उत्पन्नच नोव्हेंबर ते मार्चमध्ये येतं. हंगामातला एक महिना गेला तर तो पावसाळ्यात भरून निघत नाही. त्यात या लोकांनी गाडीसाठी, खोलीसाठी कर्ज काढलेलं असतं आणि हप्ता काय विमानाची वाट बघत नाही.

भाजी-किराणा तर जहाजानं येतो, मग महागाईचा काय संबंध?

तांदूळ, डाळ, सिमेंट जहाजानंच येतं, बरोबर. पण औषधं, रक्ताचे नमुने, मशीनचा एखादा छोटा पार्ट, टपाल, लवकर नासणारी भाजी, आणि बेटावरून बाहेर जाणारे ताजे मासे हे प्रवासी विमानाच्या पोटातल्या जागेत जातं. फेरी कमी झाली की ती जागा पण गेली, हे कुणाच्या लक्षातच येत नाही. एका पार्टसाठी बर्फाचा कारखाना चार दिवस बंद राहिला तर मच्छीमाराचा चार दिवसांचा माल पडेल त्या भावानं जातो.

बाहेरून आणावं लागणं म्हणजे काय हे आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, पहिल्या गाडीत ५ लाख लिटर. ती गाडी एक दिवस उशिरा आली तर काय होईल ही भीती ज्यांनी अनुभवलीय त्यांना बेटावरच्या दुकानदाराचं मन लगेच कळेल. तो विमान अनियमित झालं की जास्तीचा साठा करून ठेवतो, त्यात भांडवल अडकतं, काही माल खराब होतो, आणि तो खर्च गिऱ्हाइकाच्याच बिलात येतो.

असं खरंच कुठं घडलंय का, की नुसता अंदाज?

हवाईचं उदाहरण घ्या, ते अमेरिकेचं राज्य आहे, म्हणजे पैशाची कमी नाही, तरी बघा काय झालं. तिथं अलोहा एअरलाइन्स १९४६ पासून बेटाबेटांमध्ये उडायची. २००६ मध्ये एक नवीन कंपनी आली आणि सुरुवातीलाच भाडं ३९ डॉलरवर आणलं. लोक खुश, का नसतील. पण त्या भाड्यात कुणाचाच खर्च निघत नव्हता, त्यात इंधन महागलं, आणि ३१ मार्च २००८ ला अलोहाची शेवटची प्रवासी फ्लाइट उडाली. जवळजवळ १९०० माणसांची नोकरी गेली. मग भाडी परत वर गेली. स्वस्त भाडंवाली कंपनी पण २०१४ ला निघून गेली. २०१७ मध्ये आयलँड एअर नावाची अजून एक बंद पडली, साधारण ४०० लोक घरी बसले.

मधे एक मोठी फेरी बोट पण सुरू झाली होती, २००७ मध्ये, गाडीसकट माणसं नेणारी. पर्यावरणाचा अभ्यास न करताच परवानगी दिली म्हणून केस झाली आणि कोर्टाच्या निकालानंतर ती २००९ मध्ये थांबली. म्हणजे विमान कमी झालं तेव्हाच दुसरा पर्याय पण गेला. याचा सगळ्यात जास्त त्रास मोलोकाई बेटाला. लोकसंख्या साधारण ७ हजार, आपल्याकडच्या एका मोठ्या गावाएवढी. तिथली नियमित सेवा आता मुख्यतः नऊ सीटांच्या छोट्या सेसना विमानांवर आहे, आणि स्पेशालिस्ट डॉक्टरला दाखवायला दुसऱ्या बेटावरच्या होनोलुलूलाच, म्हणजे राजधानीला, उडून जावं लागतं. नऊ सीटांचं एक विमान बिघडलं की कुणाची केमो पुढं ढकलली जाते, कुणाची सोनोग्राफी.

अलोहातली एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. प्रवासी विमानं बंद झाली पण मालवाहू विभाग दुसऱ्या कंपनीनं विकत घेऊन चालू ठेवला. तो पण गेला असता तर दुकानं रिकामी पडली असती.

दुसरं उदाहरण कॅरिबियनचं, क्रिकेटमुळं ही बेटं आपल्याला नावानं तरी माहीत आहेत, अँटिग्वा, बार्बाडोस, डॉमिनिका. १९५६ पासून लिआट नावाची कंपनी ही बेटं जोडायची, पुढं मालकी मुख्यतः बेटांच्या सरकारांकडं आली. सतत तोटा, सरकारं मधूनमधून पैसे ओतायची, आणि कोविडमध्ये २०२० ला ती कोसळली. मग शेजारशेजारच्या बेटांवर जायला सरळ विमान मिळेना, वळसा घालून दुसऱ्याच देशातून जायची वेळ आली. परभणीहून नांदेडला जायला मुंबईला जाऊन यायचं, असं समजा. लग्न, मयत, विद्यापीठाची परीक्षा, छोट्या व्यापाऱ्याची खेप, सगळं अडलं. कर्मचाऱ्यांच्या थकलेल्या पैशाचं भांडण नंतर कितीतरी वर्षं चालू राहिलं. २०२४ मध्ये नायजेरियाच्या एका कंपनीच्या भागीदारीत नव्या रूपात ती परत सुरू झाली.

तिकडं अजून एक दुखणं आहे, तिकिटावरचे कर. बहुतेक बेटं म्हणजे वेगळे देश, प्रत्येकाचा विमानतळ कर वेगळा, आणि जवळच्या प्रवासात तर कर मूळ भाड्याच्या अंगावर येतो. सरकार एका हातानं कंपनी वाचवायची आणि दुसऱ्या हातानं प्रवासी पळवायची, असं झालं ते.

भारतातल्या बेटांचं काय?

अंदमानात बेटाबेटांमध्ये हेलिकॉप्टर आहे, सीटा मोजक्या, त्या पण आधी पेशंट आणि सरकारी कामाला. डिसेंबर २०१० मध्ये जल हंस नावाचं सीप्लेन सुरू झालं होतं, पाण्यावर उतरणारं, काही वर्षांत तेही थांबलं. ग्रेट निकोबारला १९६९ नंतर माजी सैनिकांची कुटुंबं नेऊन वसवली, त्यात महाराष्ट्रातली पण आहेत, हे आपल्याकडं फार कमी जणांना माहीत असतं. त्यांना पोर्ट ब्लेअर गाठायचं तर बोटीत एक दिवसापेक्षा जास्त. लेकीला माहेरी जायचं तरी केवढी तयारी!

लक्षद्वीपला तर एकच विमानतळ, अगत्ती. धावपट्टी साधारण १२०० मीटर, म्हणजे एटीआरसारखं छोटं विमानच उतरणार. तिथली लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ६४,४७३, वस्ती दहा बेटांवर, आणि बाकीच्या नऊ बेटांवरच्या लोकांना आधी अगत्तीलाच यावं लागतं. सीटा इतक्या कमी असतात की एक फेरी रद्द झाली तरी पुढचे कितीतरी दिवस मागं-पुढं होतात.

आणि मे २०२३ मध्ये गो फर्स्ट बंद पडली तेव्हा पोर्ट ब्लेअरच्या पण फ्लाइट गेल्या, तो पण ऐन सुट्टीचा सीझन. नांदेडहून दिल्लीची फ्लाइट गेली तर माणूस सचखंड एक्सप्रेसमध्ये बसतो. पोर्ट ब्लेअरला तसं काही नाही.

कंपन्यांवर सक्ती नाही का करता येत?

थोडी आहे. १९९४ पासून नियम आहे की मोठ्या शहरांच्या मार्गांवर जेवढी क्षमता वापरता त्याच्या काही टक्के ईशान्य भारत, काश्मीर, अंदमान, लक्षद्वीप या भागांत द्यायलाच पाहिजे. नियम चांगला आहे, मी त्याच्या बाजूनं आहे. पण तो टक्केवारीचा आहे, वेळेचा नाही. कुठल्या बेटाला सकाळी किती वाजता विमान पाहिजे हे त्यात येत नाही.

मग सबसिडी द्या, प्रश्न मिटला. नाही का?

सबसिडी पाहिजेच, पण कशी देता त्यावर सगळं आहे. इथं आपला नांदेडचाच अनुभव सांगतो. २००८ मध्ये गुरुता गद्दीला, म्हणजे शिखांच्या ग्रंथसाहिबला गुरुपद मिळाल्याला, तीनशे वर्षं झाली तेव्हा आपला विमानतळ सुधारला. मग २७ एप्रिल २०१७ ला उडान योजनेत नांदेड-हैदराबाद फ्लाइट सुरू झाली, देशातल्या अगदी पहिल्या उडान मार्गांमध्ये आपला नंबर. एका तासाच्या प्रवासाला अर्ध्या सीटांचं भाडं २५०० रुपयांच्या आसपास बांधलेलं, तोट्याची भरपाई सरकारकडून, पण ती तीनच वर्षं. २०२२ मध्ये ती कंपनीच थांबली. नंतर बराच काळ आपल्या धावपट्टीवर नियमित विमान नव्हतं, २०२४ ला परत आलं.

हे एकट्या नांदेडचं नाही. कॅगच्या २०२३ च्या अहवालात आहे की उडानच्या पहिल्या तीन टप्प्यांत ७७४ मार्ग दिले, सुरू झाले ३७१, तीन वर्षं पूर्ण केली ११२ नी, आणि त्यानंतर मार्च २०२३ पर्यंत टिकले फक्त ५४. सात टक्के. तीन वर्षांत मार्ग स्वतःच्या पायावर उभा राहील हे गृहीतच चुकलं असं माझं मत आहे. काही मार्ग कधीच नफ्यात येणार नाहीत, आणि यावेत अशी अपेक्षा पण ठेवू नये. गावच्या रस्त्याला आपण नफा विचारतो का?

स्कॉटलंडनं वेगळं केलं. तिथं २००६ पासून बेटावरच्या रहिवाशांनाच मूळ भाड्यात सूट मिळते, आता ती ५० टक्के आहे. शिवाय काही मार्ग सरकार करार करून चालवतं, त्यात आठवड्याला किती फेऱ्या हे लिहिलेलं असतं. तिथल्याच वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या दोन बेटांमधलं विमान जगातलं सगळ्यात छोटं नियमित उड्डाण आहे, पावणेतीन किलोमीटर, दीड-दोन मिनिटं. लोक त्याचा व्हिडिओ बघून मजा घेतात, पण शाळेत शिकवायला येणारे शिक्षक, डॉक्टर त्यानंच जातात-येतात. स्पेननं बेटवाल्यांना ७५ टक्के सूट दिलीय. टक्क्यात सूट दिली की एक धोका असतो, कंपनीला मूळ भाडं वाढवायला मोकळं रान मिळतं, कारण वाढीतला मोठा वाटा सरकारच भरतं, आणि जो बाहेरचा आहे, म्हणजे बेटावर नोकरीला आलेली परिचारिका, तिला मात्र पूर्ण भाडं बसतं. म्हणून भाड्याला वरची मर्यादा आणि फेऱ्यांची लेखी हमी, दोन्ही एकत्र पाहिजे.

एकच कंपनी राहिली तर चालेल का?

चालते, पण रोज जीव मुठीत. भाडं तिच्या मनावर, आणि ती आजारी पडली की सगळं बेट आजारी. पण दोन कंपन्या भाडेयुद्ध करून दोन्ही मरतात, हे हवाईनं दाखवलंच. छोट्या बेटाला एकच कंपनी पण कडक कराराखाली, हे मला जास्त पटतं.

बेटावरची पोरं गाव सोडून जातात का?

जातात. ज्याला बाहेर शिकून दर दोन महिन्यांनी घरी येता येतं तो परत यायचा विचार करतो, ज्याला दोन वर्षं येता येत नाही तो तिकडंच घर घेतो. आपण उदगीर-कंधारच्या पोरांचं पुण्यात बघतोच की.

ग्रुपसोबत जायचंय, फ्लाइट कमी होणार हे आधी कळतं का?

बऱ्याचदा कळतं. विमानांचं टाइमटेबल वर्षातून दोनदा बदलतं, मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. त्या तारखेच्या पुढचं बुकिंग एखाद्या मार्गावर उघडलंच नसेल, किंवा रोजची फ्लाइट आठवड्यातून चार दिवस दिसत असेल, तर समजून जा. मी आता परतीची फ्लाइट आणि घरची रेल्वे यात एक पूर्ण दिवस मोकळा ठेवतो, खर्च वाढतो पण ठेवतोच. गोळ्या पाच दिवसांच्या जास्त घ्या, आणि चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. तिथं गेल्यावर जेवण-नाश्ता शक्यतो छोट्या ठिकाणी करा, खोली पण घरगुती घ्या, सीझनमधले तुमचे ते चार दिवस त्यांना जूनपर्यंत पुरवायचे असतात. आणि हेलिकॉप्टरची सीट गंमत म्हणून मागू नका, मिळत असली तरी.